भीमथडीची जत्रा आणि गांवचा कारागीर

आमच्या मासिकांत खत, बियाणें, पाणी आणि बाजारभाव यांखेरीज इतर विषयांस जागा क्वचितच मिळते, आणि तें योग्यच आहे. तरीहि गेल्या डिसेंबरांत पुण्यास पाहिलेल्या एका जत्रेविषयीं लिहिण्याची परवानगी आम्हीं संपादकांजवळ मागून घेतली. विषय वरवर गाण्याबजावण्याचा व खाण्यापिण्याचा दिसेल. परंतु त्याचें मूळ आपल्या खळ्यांत आहे, आणि त्यांतील येणेंदेणेंहि आपल्याच घरचें आहे.

शिवाजीनगर येथें कृषि महाविद्यालयाचें सिंचननगर म्हणून जें मोठें मैदान आहे, त्यावर डिसेंबर महिन्यांत ‘भीमथडी जत्रा’ भरते. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें ती सुरू केली, त्यास आतां वीस वर्षांच्या आसपास झालीं. भीमथडी हें नांव नव्या पिढीस अपरिचित वाटेल. पण महसूल खात्याचीं जुनीं दप्तरें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस तें ठाऊक आहे. इंग्रजी अमदानींत पुणें जिल्ह्यांत याच नांवाचा तालुका होता, आणि भीमेच्या थडीवरचीं तट्टें मराठ्यांच्या फौजेंत नांवाजलेलीं होतीं. तालुक्याचें नांव बदललें, तट्टें दुर्मिळ झालीं. नांव तेवढें या जत्रेनें राखलें. आयुष्यभर दप्तर सांभाळलेल्या कारकुनास एवढ्यानेंहि समाधान वाटतें.

दौंडाहून सकाळच्या गाडीनें आम्ही, सौभाग्यवती व सात वर्षांचा नातू असे तिघे निघालों. दरवाजाशींच संबळाचा आवाज कानीं पडला. आंत बारा बलुतेदारांचा गांव उभा केला होता: लोहाराचा भाता, कुंभाराचें चाक, सुताराचे वाकस व पटाशी. नातवानें एकट्या भात्यापुढें पाऊण तास घालविला. लोखंड तापून लाल झालेलें त्यानें पूर्वीं पाहिलेंच नव्हतें. आमच्या गांवांत लोहार आहे. त्याचा भाता आतां विजेच्या पंख्यावर चालतो, व त्याची शाळ आमच्या घरापासून तीनशें पावलांवर आहे. नातवाला तेथें नेण्याचें आम्हांस आजवर कधीं सुचलें नव्हतें. ही गोष्ट येथें नमूद करून ठेवतों, कारण पुढील लिखाणास तीच कारण झाली.

दुपारीं जेवणाच्या भागांत शिरलों. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या बचत गटांच्या बायकांनीं चुली मांडल्या होत्या. खानदेशच्या बायका पालथ्या खापरावर मांडे भाजीत होत्या. पुरण भरलेला कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलीत झेलीत कोपरापर्यंत पसरवावयाचा, आणि न फाटूं देतां तापल्या खापरावर सोडावयाचा, हें काम पुस्तक वाचून येणारें नव्हे. त्याला गहूं चिवट लागतो, आणि खापर लागतें तें कुंभाराच्या हातचें. जुन्नरकडच्या मासवड्या, सोलापूरकडचीं धपाटीं, कोल्हापूरचा तांबडा-पांढरा रस्सा, हें सर्व पाहिलें. सर्व खाणें वयोमानानें शक्य नव्हतें.

हुरड्याच्या आगटीपाशीं मात्र बसलों. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणसें खुपसून ठेवलेलीं, आणि एक बाई भाजलेलें कणीस हातावर चोळून दाणे सुपांत पाखडीत होती. आम्हीं विचारलें, ‘‘बाई, ही ज्वारी कोणती?’’ ती म्हणाली, ‘‘गूळभेंडी हाय, दादा. सासूबाईंनीं राखलेलं बी हाय. वीस गुंठं हुरड्यालाच ठेवतों.’’ उत्तर देतांना तिनें मान वर केली, ती आम्हांस फार आवडली. आपल्या पिकाचें नांव असें न अडखळतां सांगणारे खातेदार आतां किती सांपडतील? १९६४ सालीं सी. एस. एच. १ ही संकरित ज्वारी आली आणि खरिपाच्या ज्वारीचें रूपच पालटलें. रब्बींत मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेल्या मालदांडी ३५-१ नें भाकरीचें धान्य म्हणून आपलें स्थान राखलें. पण गूळभेंडी, सुरती अशा खास हुरड्याच्या जाती, उतारा कमी म्हणून, बांधाकडेच्या चार तासांपुरत्या उरल्या व पुढें पुष्कळ ठिकाणीं त्याहि गेल्या. आतां शहरांतील मंडळी हुरड्यासाठीं मोटारी घेऊन शेतावर येतात, तेव्हां आपण त्यांना मिळेल ती ज्वारी भाजून देतों. राहुरीच्या विद्यापीठानें ‘फुले उत्तरा’ व ‘फुले मधुर’ ह्या हुरड्याच्या जाती काढल्या आहेत, हें ज्यांस ठाऊक नसेल त्यांनीं टिपून घ्यावें. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें म्हणून पाळलें. त्या वर्षीं सभा पुष्कळ झाल्या. आम्हीं खाल्लेला हुरडा मात्र त्या बाईच्या सासूनें मडक्यांत राखून ठेवलेल्या बियाण्याचा होता.

उन्हें उतरल्यावर बुरूडकामाच्या छपरापाशीं गेलों. पन्नाशीची एक बाई सूप विणीत होती. बांबू उभा चिरून, आंतला मऊ भाग काढून टाकून, पाठीकडच्या चिवट सालीच्या पातळ पट्ट्या ती काढीत होती. पट्टी सोलतांना तिची सुरी जागची हलत नव्हती, बांबूच पुढें सरकत होता. जन्मभर घरांत सुपें वापरून हें आम्हीं त्या दिवशीं प्रथम पाहिलें. सौभाग्यवतीनें किंमत विचारली. ‘‘साडेतीनशें.’’ सौभाग्यवतीनें एक शब्द न बोलतां पैसे काढून दिले.

पैसे घेतांना त्या बाईनें आमच्याकडे निरखून पाहिलें. म्हणाली, ‘‘भाऊसाहेब, तुम्ही तहशिलींत व्हता नव्हं?’’ आम्हीं होय म्हटलें, गांव सांगितलें. ती आमच्या गांवापासून अवघ्या पांच कोसांवरची निघाली. मग ती म्हणाली, ‘‘तुमच्या बाजाराला शनवारीं मी पाट्या घेऊन येत व्हतें. तुमच्या दारावरबी आल्यालं हाय. सुपाचं दीडशें सांगितलं, तर वहिनींनीं शंभराला मागितलं. मग परत गेलें. पुढं कुणी घेईनाच, म्हणून यायचंच सोडलं.’’ हें ती रागानें बोलली नाहीं. हंसतच बोलली, आणि हात थांबवूनहि बोलली नाहीं. सौभाग्यवतीनें मान खालीं घातली. आम्हांसहि दुसरीकडे पाहावें लागलें.

सुपाबरोबर आम्हीं दोन पाट्याहि घेतल्या. जवळ कागद नव्हता, म्हणून तिच्या फोनचा नंबर सुपाच्या आंतल्या बाजूस खडूनें लिहून घेतला.

शेजारीं खड्डामागावर एक सणगर घोंगडें विणीत बसला होता. ताण्याला चिंचोक्याची खळ लावलेली होती व तिचा वास सबंध छपरांत पसरला होता. त्याच्याशीं बोलण्यांत अर्धा तास गेला, आणि त्यानें सांगितलेली हकीकत मेंढपाळ व बागाईतदार दोघांनीं ऐकावी अशी आहे. दख्खनी मेंढीची लोंकर राठ व काळसर. घोंगड्यास तीच लागते. पण आतां मेंढी मांसासाठीं पाळली जाते, अंगानें मोठ्या जातींस मागणी आली, आणि लोंकर कातरण्याची मजुरीहि लोंकरींतून निघत नाहीं. म्हणून कातरलेली लोंकर कित्येक मेंढपाळ माळावरच टाकून देतात. इकडे विणकरास चांगली लोंकर मिळत नाहीं. एका बाजूस माल उकिरड्यावर आणि दुसऱ्या बाजूस माग रिकामा! आम्हीं घोंगडें घेतलें. ज्यांस घ्यावयाचें असेल त्यांच्या उपयोगासाठीं सांगतों: गिरणींत भेसळीच्या सुताचें विणलेलें कांबळेंहि घोंगडें म्हणूनच विकलें जातें. दशीचा एक धागा जाळून पाहावा. खरी लोंकर केंस जळल्यासारखी वास मारते व तिची राख बोटांत चुरते. कृत्रिम धागा वितळून त्याची गोळी होते.

सायंकाळीं व्यासपीठावर लोककलांचा कार्यक्रम झाला. पोवाडा झाला, लावणी झाली, वाघ्या-मुरळी आलीं, शेवटीं गोंधळ झाला. कलावंत कसलेले होते. संबळ वाजविणाऱ्याचा हात असा चालला कीं आमचा नातू खुर्चीवर उभा राहिला. परंतु गोंधळ आम्हीं लहानपणीं स्वतःच्या ओसरीवर पाहिलेला आहे. रात्रीं जेवणें आटोपल्यावर चौक मांडावयाचा, दिवटी पेटवावयाची, नमन व्हावयाचें, देवदेवतांस आवाहन व्हावयाचें, आणि मग आख्यान लागावयाचें. आख्यान हाच गोंधळाचा गाभा. तें पहांटेपर्यंत चाले, आणि आरती होऊन मंडळी उठत तों गोठ्यांत बैल उठलेले असत. व्यासपीठावर ह्या सर्वांस मिळून पंधरा-वीस मिनिटें मिळालीं. आवाहन झालें, टाळ्या पडल्या, दिवे बदलले. यांत आम्ही कोणास दोष देत नाहीं. एका संध्याकाळीं पांच-सहा कला दाखवावयाच्या तर दुसरें काय होणार? पण जी विद्या पंधरा मिनिटांचीच मागितली जाते, ती पुढच्या पिढीला पंधरा मिनिटांचीच शिकविली जाईल. रात्रभराचें आख्यान पाठ करण्याचे कष्ट कोणी कशासाठीं घ्यावे?

येथें मुरळीविषयीं एक गोष्ट बोलून ठेवणें भाग आहे. व्यासपीठावर आलेली स्त्री ही कलावंत आहे व तिचा मान राखला पाहिजे. परंतु देवाला मुली वाहण्याची जी चाल होती, तिच्याविरुद्ध १९३४ सालीं मुंबई इलाख्यांत देवदासी संरक्षणाचा कायदा करावा लागला, हेंहि विसरतां येत नाहीं. जुनें तेवढें सर्व परत यावें असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं.

परतीच्या गाडींत नातू झोपला, आणि आम्हीं संवयीप्रमाणें हिशेब मांडला. सूप ३५० रुपये, दोन पाट्या ५००, घोंगडें २,४००, तिघांचें खाणें ६५०, एकूण ३,९००. मग मनांत आलें कीं, आपल्या घरून गांवच्या कारागिरांस मागील सबंध वर्षांत काय गेलें तेंहि मांडावें. विळे-खुरपीं पाजविण्याबद्दल लोहारास ३६०, वहाणांच्या दुरुस्तीबद्दल १२०, दिवाळीच्या पणत्या व संक्रांतीचीं सुगडें यांबद्दल कुंभारास १५०, एकूण ६३०. बुरुडास शून्य. सुतारास शून्य. गोंधळ्यास शून्य. वर्षाकाठीं आपल्या गांवांत जें देतों त्याच्या सहापटीहून अधिक आम्हीं एका दिवसांत पुण्यास दिलें, आणि तेंहि किंमत न पाडतां, आनंदानें, पिशवी दोन्ही हातांनीं धरून दिलें. तेंच सूप आमच्या दाराशीं दीडशें रुपयांस आलें तेव्हां महाग होतें!

हा हिशेब आमचा एकट्याचा नाहीं. आपल्यापैकीं बहुतेकांच्या वहींत याहून निराळें निघणार नाहीं, अशी आमची खात्री आहे. म्हणूनच तो छापण्यास देतों.

तरुण वाचकांसाठीं थोडें मागचें सांगितलें पाहिजे. सरकारी नोकरींत राहून गांवोगांव हिंडलेले त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं ‘गांवगाडा’ हें पुस्तक लिहिलें. शेतकऱ्याचें औत चालूं ठेवण्यासाठीं सुतार, लोहार, चांभार, मांग, कुंभार वगैरेंनीं वर्षभर काम करावयाचें आणि सुगीला खळ्यावर येऊन धान्याचा वांटा न्यावयाचा, ही व्यवस्था त्यांत बारकाईनें व कित्येक ठिकाणीं परखडपणें वर्णिली आहे. कांहीं कामांस जमिनीहि लावून दिलेल्या असत. गांव नमुना तीन, म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही, ज्यांनीं लिहिली आहे त्यांस इनाम वर्ग सहा आठवेल. कनिष्ठ गांवकामगारांच्या चाकरीच्या जमिनी त्या वर्गांत. स्वराज्यांत १९५३ सालीं लोकोपयोगी चाकरीच्या इनामांचा व १९५८ सालीं कनिष्ठ गांवकामगार वतनांचा असे दोन कायदे झाले, आणि तीं इनामें व वतनें नाहींशीं झालीं. आमच्या उमेदीच्या काळांतहि त्या फेरफारांचीं प्रकरणें आमच्या टेबलावर येत असत.

हें सर्व गेलें याबद्दल हळहळण्याचें कारण नाहीं. जत्रेंतील नटविलेला गांव पाहून कोणास तसें वाटलें असेल, तर त्यानें खळ्यावरचा तो वांटा कसा मिळे हें आपल्या घरच्या म्हाताऱ्यांस विचारावें. काम केव्हांहि सांगावें, मोबदला मर्जीनें द्यावा, आणि ज्यानें वांटा मागितला त्यानें खळ्याबाहेर उभें राहावें. हातानें केलेल्या कामाची किंमत त्या व्यवस्थेंत नव्हती. होता तो जन्म. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत वतनी कायद्याच्या दुरुस्तीचें बिल मांडलें, त्यांत बलुत्याच्या जागीं ठरलेला रोख मोबदला असावा असाच रोख होता. तें बिल त्या वेळीं पार पडलें नाहीं. पुढें बलुतें कायद्यानें आणि काळानें गेलें, तें बरेंच झालें. परंतु त्याच्या जागीं जो रोख व्यवहार यावयाचा होता, मागणी आगाऊ सांगून, किंमत कारागिराला विचारून, पैसे वेळेवर मोजून, तो आपण खातेदारांनीं कधीं सुरूच केला नाहीं. धान्य देणें बंद केलें आणि रुपये देणें टाळलें. दोन्हीकडून सुटका करून घेतली ती आपण.

यावर आपले बंधू काय म्हणतील तें आम्ही जाणून आहों. प्लॅस्टिकची पाटी स्वस्त पडते व पाण्यानें कुजत नाहीं, हें खरें आहे; आम्हीहि खत उचलण्यास तीच वापरतों व वापरणार. ट्रॅक्टर आल्यावर सुतारास औताचें काम उरलें नाहीं, हेंहि खरें. तिफण गेली ती परत येणार नाहीं. परंतु प्लॅस्टिकच्या सुपांत धान्य पाखडलें जात नाहीं, हें आपल्या घरांतील कोणतीहि बाई सांगेल. धान्य साठविण्यास हवा खेळणारी बांबूची कणगी, कोंबड्या झांकण्यास डालें, मांड्यांस खापर, उन्हाळ्यांत पाण्याचा माठ, रात्रीं पाणी धरतांना घोंगडें, यांस आजहि तोडीचा दुसरा जिन्नस नाहीं. जेवढें उपयोगाचें तेवढेंच घ्यावें. दयेनें घेतलेली वस्तु माळ्यावर जाऊन पडते, आणि कारागीर दुसऱ्या वर्षीं फसतो.

सरकारनें कांहीं केलें नाहीं असेंहि नाहीं. सप्टेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारनें विश्वकर्मा योजना सुरू केली. तींत सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, टोपल्या-चटया विणणारे अशा १८ धंद्यांस शिक्षण, हत्यारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि पांच टक्के व्याजानें पहिल्यानें एक लाख व पुढें दोन लाखांपर्यंत कर्ज आहे. आपल्या गांवांतील ज्या कारागिरानें अर्ज केला नसेल त्यास तो भरून देण्यास आपल्या शिकलेल्या मुलांनीं हातभार लावावा. पण योजनेंतून हत्यार मिळेल, कर्ज मिळेल. गिऱ्हाईक मिळणार नाहीं. कर्ज काढून घेतलेल्या सुरीला काम नसेल तर तें कर्ज फेडावयाचें कोठून? जत्रेसारख्या उत्सवांनीं चार-पांच दिवस गिऱ्हाईक मिळतें, आणि तें मोठें मिळतें. उरलेले तीनशें साठ दिवस आपले आहेत.

आतां आपल्या संस्थेपुढें आमच्या कांहीं सूचना. वार्षिक सभेच्या वेळीं खतांची मागणी जशी नोंदविली जाते, तशीच सभासदांनीं वर्षभरांत लागणाऱ्या पाट्या, सुपें, कणग्या, दोर, माठ व घोंगडीं यांची मागणी एका वहींत नोंदवावी. निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. किंमत कारागिरानें सांगावी, संस्थेनें मालाचा दर्जा पाहावा, आणि घासाघीस करूं नये. मागणी कोणाच्या जातीकडे पाहून देऊं नये, कामाकडे पाहून द्यावी. बुरुडाच्या मुलानें बुरूडच व्हावें असें नाहीं, आणि आपल्या मुलास बांबूचें काम आवडलें तर त्यानें तें शिकण्यांत कमीपणा नाहीं.

दुसरी गोष्ट बांबूची. कारागिराची मोठी अडचण म्हणजे चांगला बांबू जवळ मिळत नाहीं. पूर्वीं बांबू कायद्यानें झाड ठरत असे व तोडीस-वाहतुकीस परवान्यांचा जाच होता; २०१७ सालीं वनकायद्यांत दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरील बांबू त्यांतून मोकळा झाला. आपल्या बांधाला, ओढ्याकांठीं मानवेलीचीं चार-सहा बेटें लावलीं तर माती धरली जाईल, आणि चार-पांच वर्षांनीं बुरुडास कच्चा माल व आपणांस पैसा मिळूं लागेल. शेतांतील माल आणि कारागिराचा हात यांची गांठ कोठें कोठें पडते तें पाहावें. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्या वाद्यांस लागणारे मोठे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतकरी पिकवितात. तंबोरा ऐकणाऱ्यांपैकीं किती जणांस हें ठाऊक असेल? कोल्हापुरी चपलेचेंहि तसेंच. २०२५ सालीं इटलींतील प्राडा ह्या बड्या कंपनीनें तशाच घाटाची चप्पल मिलानच्या प्रदर्शनांत मांडली तेव्हां आपण सर्वजण संतापलों. संतापणाऱ्यांच्या पायांत त्या दिवशीं काय होतें, तें विचारूं नये.

तिसरी गोष्ट गांवच्या यात्रेची. चैत्रांत यात्रेची वर्गणी जमते, आणि तींतील मोठा वांटा कर्ण्यांच्या भिंतींवर व बाहेरून आणलेल्या वाद्यवृंदावर जातो. आमच्या गांवच्या समितींत आम्हीं असें सुचविलें आहे कीं, यंदा एक रात्र गोंधळास पुरी द्यावी. बिदागी आधीं ठरवावी, अर्धी आधीं द्यावी, ध्वनिक्षेपक एकच ठेवावा, आणि आख्यान मध्येंच तोडूं नये. समितींतील तरुण मंडळी म्हणाली कीं, पहांटेपर्यंत कोणी बसणार नाहीं. बसणार नाहींत कदाचित्. आम्ही बसूं, आणि नातवास झोप आली तर तेथेंच घोंगड्यावर निजवूं. आमच्या वडिलांनीं आम्हांस तसेंच निजविलें होतें. ह्या प्रश्नावर मत अजून व्हावयाचें आहे.

पाट्यांचें मात्र सभेची वाट न पाहतां सुरू केलें. पुण्याहून परतल्यावर आठ दिवसांत आम्हीं व सौभाग्यवतीनें मिळून आमच्या आळींतील पंधरा घरें फिरून मागणी लिहून घेतली. सौभाग्यवती पुढें होती. ‘‘शंभराला मागणारी मीच होतें,’’ असें तिनें प्रत्येक घरीं आपण होऊन सांगितलें. तेरा घरांनीं निम्मे पैसे दिले. दोन घरांनीं भाव पाडून मागितला, त्यांचीं नांवें यादींत घेतलेलीं नाहींत. सुपावरचा खडूचा नंबर थोडा पुसला गेला होता, म्हणून पहिला फोन भलत्याच गृहस्थांस गेला. दुसरा त्या बाईस लागला. येत्या शनिवारीं ती बाजारास येणार आहे. सुनेलाहि घेऊन येतें म्हणाली, कारण पट्ट्या काढण्याचें काम आतां सून करते, आणि मापें तिनेंच पाहिलेलीं बरीं.